साबणाच्या वडीवरचा शिक्का

गेल्या वर्षी दिवाळीच्या साधारण महिनाभर आधी एक ताई दवाखान्यात आल्या. दोन्ही हातांची त्वचा कोरडी, लालसर, बोटांच्या पेरांवर बारीक भेगा. पाणी लागलं की चुणचुण. अशा वेळी मी विचारतो तोच प्रश्न विचारला, "भांड्यांचा किंवा अंगाचा साबण बदललाय का?"

"बाजारचा साबण तर बंदच केलाय डॉक्टर. पावसाळ्यापासून घरीच करतेय. केमिकल नसलेला." आणि पिशवीतून एक वडी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. वडी खरंच देखणी होती. वर आंब्याच्या पानाची नक्षी आणि मध्ये घराण्याचं आडनाव, मुलीने खास करवून घेतलेल्या ॲक्रिलिकच्या शिक्क्याने उठवलेलं. अक्षरांच्या खाचांत पांढरी भुकटी बसली होती, त्यामुळे नाव छान उठून दिसत होतं. अशा पंचवीस वड्या दिवाळीला नातेवाइकांकडे आणि शेजारी द्यायच्या ठरल्या होत्या. त्यांत दोन घरी तान्ही बाळं होती.

हात कसे बरे करायचे ते आपण शेवटी पाहू. त्याआधी या शिक्क्याविषयी थोडं सांगतो, कारण त्या दिवशी त्यांना मी तेच सांगत बसलो आणि बाहेरचे पेशंट ताटकळले.

"केमिकल नसलेला साबण" ही गोष्ट अस्तित्वातच नाही. तेल किंवा चरबी आणि तीव्र अल्कली एकमेकांना भिडले की त्यातून साबण आणि ग्लिसरीन तयार होतं. अल्कलीशिवाय साबण होत नाही, मग तो कारखान्यातला असो की तुमच्या स्वयंपाकघरातला. आज ही अल्कली म्हणजे कॉस्टिक सोडा. जुन्या काळी ती लाकडाच्या किंवा खाऱ्या जमिनीवर उगवणाऱ्या झुडपांच्या राखेतून काढत. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी साबणाची नोंद करताना चरबी आणि राख हेच दोन घटक सांगतो. गंमत म्हणजे तो लिहितो की गॉल लोक हा पदार्थ केस लाल करायला वापरत. त्याने वापरलेला लॅटिन शब्द "सापो". अरबी "साबून" आणि आपला "साबण" हे त्याच शब्दाचे नातेवाईक.

आपल्याकडे अंगाला उटणं, डाळीचं पीठ आणि केसांना रिठा-शिकेकाई होती, त्यामुळे साबणाची फारशी गरज पडली नाही. पण राखेचा गुण आपल्या आज्यांना पक्का ठाऊक होता. तेलकट कढई राखेने घासली की ती हाताला बुळबुळीत लागते, कारण तिथल्या तिथे थोडासा साबणच तयार होत असतो. वैद्यांना याच राखेचं अधिक उग्र रूप माहीत होतं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अकरावा अध्याय क्षार कसा शिजवायचा यावरच आहे. वनस्पतींची राख पाण्यात उकळायची, गाळायची, त्यात लाल होईपर्यंत तापवलेली चुनखडी आणि शंख घालायचे, आणि मृदू, मध्यम, तीक्ष्ण असे तीन प्रकार करायचे. हा क्षार कशासाठी? मूळव्याध, भगंदर, चामखीळ जाळून काढण्यासाठी. राखेच्या पाण्यात चुना मिसळला की अल्कली तीव्र होते, हेच तंत्र साबणवाल्यांचंही होतं. म्हणजे ज्या द्रवाने वैद्य मांस जाळत, त्याच जातीच्या द्रवापासून साबण करणारा अंगाला लावायची वडी बनवत होता. फरक फक्त एवढाच की वडीत तो द्रव शिल्लक राहता कामा नये.

साबणाचा सगळा इतिहास मला या एका वाक्याभोवती फिरताना दिसतो.

राख दोन जातींची असते. रानातल्या साध्या लाकडाच्या राखेत पोटॅशियमचे क्षार जास्त, तर समुद्रकाठच्या आणि खाऱ्या जमिनीतल्या झुडपांच्या राखेत सोडियमचे. पोटॅशियमचा साबण मऊ, लापशीसारखा राहतो. अमेरिकेत वसाहतींच्या काळात घरोघरी बायका वर्षभराची चुलीची राख आणि चरबी साठवून साबण शिजवत, तो असाच मऊ असे आणि पिंपातून ओगराळ्याने काढून वापरत. राखेचं पाणी पुरेसं कडक झालं का, हे त्या त्यात अंडं सोडून पाहत. अंडं तरंगून नाण्याएवढा भाग वर दिसला की पाणी तयार. साबणात अल्कली उरली का, हे पाहायला जिभेचं टोक लावत. झिणझिण्या आल्या तर अजून तेल घालून शिजवायचं. (हा प्रयोग आज कुणी करू नका. तोंड भाजलेली माणसं मग आमच्याकडे येतात.) असल्या साबणावर शिक्का मारणं शक्यच नव्हतं. शिक्का उठायला वडी कडक हवी, आणि कडक वडीला सोडियम हवं.

म्हणून शिक्क्याची परंपरा वाढली ती भूमध्य समुद्राच्या काठी, जिथे ऑलिव्हचं तेलही होतं आणि सोडियमवाली झुडपंही. सीरियातलं अलेप्पो आणि पॅलेस्टाईनमधलं नाब्लुस ही त्यातली दोन जुनी, नावाजलेली शहरं. नाब्लुसला ऑलिव्ह तेलाचा साबण मोठ्या हंड्यात काही दिवस शिजवून वरच्या मजल्याच्या फरशीवर ओततात. तो पसरून सपाट करतात, थोडा आळला की रेघा आखतात, मग कामगार उकिडवे बसून हातोडीसारख्या शिक्क्याने ठकठक ठसे मारत पुढे सरकतात. त्यानंतर वड्या कापून त्यांचे आतून पोकळ, वर निमुळते होत जाणारे मनोरे रचतात, म्हणजे प्रत्येक वडीला वारा लागेल. अलेप्पोत तेलात लॉरेलचं तेलही मिसळतात आणि वड्या कित्येक महिने वाळवतात. बाहेरून त्या पिवळट-तपकिरी होतात, पण कापल्या तर आत हिरव्याच. यादवी युद्धात अलेप्पोचे अनेक साबण करणारे शहर सोडून तुर्कस्तानात गेले आणि तिथे हेच काम करू लागले. 2024 साली युनेस्कोने अलेप्पो आणि नाब्लुस या दोन्ही ठिकाणच्या साबणकलेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

तिथल्या प्रत्येक घराण्याची खूण वेगळी. नाब्लुसच्या तुकान घराण्याची खूण दोन किल्ल्यांची. गिऱ्हाईक वाचता येणारं असो वा नसो, किल्ल्या ओळखता येतात. माल खराब निघाला तर कुणाच्या दारात जायचं, हे वडीच सांगते.

फ्रान्समधल्या मार्सेयमध्ये मात्र या खुणेत सरकारने हात घातला. 1688 साली चौदाव्या लुईच्या काळात हुकूम निघाला की साबणात ऑलिव्हचंच तेल वापरायचं, जनावरांची चरबी अजिबात नाही. उन्हाळ्याचे जून, जुलै, ऑगस्ट हे तीन महिने कारखाने बंदच ठेवायचे, कारण उष्म्यात माल बिघडतो. तरी भेसळ व्हायचीच. मग नेपोलियनच्या राजवटीत 1811 साली शिक्क्याचा आकारच कायद्याने ठरवला गेला. ऑलिव्ह तेलाच्या साबणावर लंबगोल, बियांच्या तेलाच्या साबणावर चौकोन आणि चरबीच्या साबणावर त्रिकोण. पुढच्या वर्षी मार्सेयच्या ऑलिव्ह साबणासाठी पंचकोनी शिक्का ठरला, त्यात तेलाचं, कारखानदाराचं आणि शहराचं नाव. आज आपण वेष्टनामागची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचतो. तेव्हाच्या धुणाऱ्या बाईला अंधारातही बोट फिरवून कळायचं की हातात त्रिकोण आहे की लंबगोल. मला ही व्यवस्था आजच्या वेष्टनापेक्षा बरी वाटते.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण ताईंचा घोटाळा इथेच झाला होता. मार्सेयचा शिक्का तेलाबद्दल बोलतो. अल्कलीबद्दल काहीच बोलत नाही. का? कारण त्यांची पद्धतच अशी होती की अल्कली वडीत उरायची नाही. ते मुद्दाम जास्त अल्कली घालून कित्येक दिवस साबण शिजवत, म्हणजे सगळं तेल संपावं. मग मीठ घालत. मिठाने साबण फुटून वर येतो आणि जास्तीची अल्कली, ग्लिसरीन आणि घाण खालच्या पाण्यात राहते. ते पाणी सोडून द्यायचं आणि साबण पुन्हा पुन्हा धुवायचा. मोजमाप थोडं चुकलं तरी धुण्यात निघून जाई.

घरी आपण करतो ती थंड पद्धत. तेलात कॉस्टिकचं पाणी ओतायचं, घट्ट होईपर्यंत घोटायचं, साच्यात ओतायचं आणि चार ते सहा आठवडे वाळवायचं. यात धुणं नाही. जे घातलं ते वडीतच राहतं. त्यामुळे ग्रॅमचा वजनकाटा हाच तुमचा एकमेव रक्षक.

आणि प्रत्येक तेलाची भूक वेगळी असते. हे समजायलाही जगाला बराच वेळ लागला. 1791 साली निकोला लब्लां या फ्रेंच डॉक्टरने मिठापासून सोडा करण्याचं पेटंट घेतलं आणि पुढे राखेची गरजच संपली. (क्रांतीत त्याचा कारखाना गेला आणि 1806 मध्ये त्याने आत्महत्या केली. स्वस्त साबणाच्या मागे ही एक दुःखद कहाणी आहे.) मग मिशेल शेव्हरल याने 1823 साली आपलं संशोधन छापलं. तेल-चरबी म्हणजे निरनिराळी फॅटी ॲसिड्स आणि ग्लिसरीन यांची जोडणी, हे त्याने दाखवलं. हा माणूस 102 वर्षं जगला. कुठल्या तेलाला किती अल्कली लागते याचे आजचे तक्ते याच समजुतीवर उभे आहेत. एक किलो खोबरेल तेलाला सुमारे 183 ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. ऑलिव्ह किंवा तिळाच्या तेलाला मात्र 135 ग्रॅमच्या आसपासच पुरतो.

ताईंची पहिली कृती पूर्ण खोबरेल तेलाची होती. एक किलोला 175 ग्रॅम कॉस्टिक, म्हणजे थोडं तेल मुद्दाम शिल्लक ठेवणारी, अगदी योग्य. पावसाळाभर त्या वड्यांनी काही त्रास झाला नाही. पण खोबरेलाचा साबण त्वचा जरा ओढतो. दिवाळीची भेट म्हणून साबण अधिक मऊ व्हावा, या हौसेने त्यांनी अर्धं खोबरेल काढून अर्धं तिळाचं तेल घेतलं. कॉस्टिक तेवढंच ठेवलं. हिशेब करा. अर्धा किलो खोबरेलाला साडेएक्याण्णव ग्रॅम, अर्धा किलो तिळाच्या तेलाला सदुसष्ट. एकूण 158 ते 159. घातलं 175. किलोमागे सोळा-सतरा ग्रॅम कॉस्टिक सोडा वडीत तसाच राहिला. अक्षरांतली पांढरी भुकटी, जिच्यामुळे नाव उठून दिसत होतं, ती म्हणजे कॉस्टिकचा हवेशी संयोग होऊन झालेला धुण्याचा सोडा. अशी भुकटी चांगल्या साबणावरही कधी कधी येते, त्यामुळे तेवढ्यावरून निदान करू नये. मी शेजारच्या लॅबमधून फिनॉल्फ्थॅलिन मागवलं. वडी किंचित ओली करून दोन थेंब टाकले. गडद गुलाबी.

ताई बराच वेळ त्या गुलाबी डागाकडे बघत बसल्या. "बाळांच्या घरी जाणार होत्या हो या वड्या," एवढंच म्हणाल्या.

भारतात कारखान्याचा साबण आला तोही शिक्का घेऊनच. 1888 साली कलकत्त्याच्या बंदरात सनलाइटच्या पेट्या उतरल्या, त्यातल्या वड्यांवर लीव्हर ब्रदर्सचं नाव आणि इंग्लंडमध्ये बनल्याची खूण उमटवलेली होती. त्याआधी इंग्लंडात दुकानदार लांबलचक लादीतून तुकडा कापून वजनावर साबण विकत. लीव्हरने तोच साबण एकसारख्या वड्यांत कापला, त्यावर नाव छापलं, वेष्टन घातलं आणि भेसळ दाखवून द्या, हजार पौंड घेऊन जा, असं जाहीर केलं.

मग स्वदेशीची लाट आली. मुंबईत कुलुपं बनवणारे अर्देशीर गोदरेज साबणाकडे वळले. 1918 मध्ये त्यांचा धुण्याचा साबण आला, नाव "चावी". नाब्लुसच्या किल्ल्यांशी त्याचा काही संबंध नाही, कुलुपवाल्याने किल्ली निवडणं साहजिकच. पुढे त्यांनी जनावरांची चरबी न वापरता, वनस्पती तेलाचा अंगाचा साबण काढला. सोवळं-ओवळं पाळणाऱ्या कित्येक घरांत विलायती साबण दाराबाहेर अडत होता, तो प्रश्न त्याने सुटला. चरबी नसलेला जगातला पहिला साबण असं त्याचं कौतुक कधी कधी वाचायला मिळतं. मार्सेयचा 1688 चा हुकूम पाहता ते खरं नाही, पण त्यामुळे गोदरेजांचं मोल कमी होत नाही. त्याच सुमारास म्हैसूर संस्थानात चंदनाचा साबण सुरू झाला. त्याची खूण आहे शरभ, म्हणजे धड सिंहाचं आणि डोकं हत्तीचं.

आजच्या वेष्टनावर हे काम टीएफएम हा आकडा करतो, म्हणजे साबणात एकूण स्निग्धांश किती. भारतीय मानकाप्रमाणे 76 टक्के किंवा जास्त असेल तर पहिली श्रेणी, 70 असेल तर दुसरी, 60 असेल तर तिसरी. "बाथिंग बार" लिहिलेल्या वड्यांत तो याहून कमी असू शकतो. सुट्टा कॉस्टिक किती चालेल याचीही कडक मर्यादा मानकात आहे, ती टक्क्याच्या अगदी लहानशा अंशाएवढी. ताईंच्या वडीत तो एक टक्क्याच्या आसपास असावा.

तुम्हालाही घरी साबण करायचा असेल तर मी नको म्हणणार नाही. छंद सुंदर आहे. पण कॉस्टिक सोडा हा स्वयंपाकघरातला पदार्थ नव्हे. कॉस्टिक पाण्यात घालायचा, पाणी कॉस्टिकवर ओतायचं नाही. ते मिश्रण चुलीवर न ठेवताही उकळत्या पाण्याच्या जवळपास तापतं, म्हणून पाणी गार घ्या. ॲल्युमिनियमचं पातेलं अजिबात नको, कॉस्टिक ते खातो आणि पेट घेणारा वायू सुटतो. स्टील वापरा. चष्मा, हातमोजे, खिडकी उघडी, मुलं घराबाहेर. उरलेलं द्रावण पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत चुकूनही भरू नका. अशा बाटलीतला एक घोट प्यायलेलं मूल मी शिकाऊ डॉक्टर असताना पाहिलं आहे. अन्ननलिका जळून आकसली होती आणि ती रुंद करण्यासाठी त्याला कितीतरी वेळा दवाखान्यात यावं लागलं. असं झालं तर उलटी करवू नका, लिंबूपाणी पाजू नका, थेट मोठ्या रुग्णालयात न्या. डोळ्यात उडालं तर त्याच क्षणी नळाखाली डोळा उघडा धरून निदान अर्धा तास धुवा आणि मग नेत्रतज्ज्ञाकडे धावा. अल्कली ॲसिडपेक्षा खोल शिरते. व्हिनेगर, लिंबू असले उतारे नकोत, पाणी भरपूर हवं.

तेल बदललं की हिशेब नव्याने मांडा. शिक्का मारायचा तर वडी कापल्यावर एक-दोन दिवस थांबा. फार लवकर मारला तर साबण चिकटून येतो, फार उशीर केला तर वडी तडकते. आणि एवढं सगळं बिनचूक करूनही साबणाचा पीएच 9 ते 10 असतो, आपल्या त्वचेचा 5 च्या आसपास. निरोगी त्वचा ते सांभाळून घेते. एक्झिमा असलेल्यांनी आणि तान्ह्या बाळांसाठी हौसेचा साबण नकोच, तिथे सौम्य, साबणविरहित क्लेन्झर बरा.

ताईंच्या हातांना मी मलम दिलं, दिवसातून चार-पाचदा साधं व्हॅसलीन लावायला सांगितलं आणि सगळे साबण तीन आठवडे बंद केले. भेगा भरल्या. वड्या टाकून द्या असं मी म्हटलं होतं, पण दोन किलो तेल वाया घालवायला त्यांचं मन होईना. हातमोजे घालून त्यांनी सगळ्या वड्या किसल्या, मोजून पाव किलोच्या वर खोबरेल घातलं, स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर पुन्हा शिजवल्या आणि एक तुकडा माझ्याकडे पाठवला. या वेळी थेंब जेमतेम फिका गुलाबी झाला. बाळांच्या घरी मात्र त्यांनी साबणाऐवजी चिवडा पाठवला.

पुन्हा शिजवलेला साबण खडबडीत होतो, त्यावर नक्षी नीट उठत नाही. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी एक वडी माझ्याही घरी आली. आंब्याचं पान ओळखू येत होतं. आडनावाची पहिली दोन अक्षरं लागत होती, पुढची नाही.